ब्रोमीनची उघडी बाटली

आमच्या घरात पांढरं असं काही टिकत नसे. अण्णांच्या बंड्या, उशीचे अभ्रे, माझा शाळेचा ब्लाऊज, इतकंच काय, आईनं हौसेनं आणलेल्या कपबशासुद्धा महिन्याभरात पिवळसर दिसायला लागत. आम्ही हरिपूरचे, आणि अण्णा हळदीच्या पेवांवर कामाला. सांगलीच्या बाजारात आलेली हळद तेव्हा आमच्या गावात पेवांमध्ये ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला वीसपंचवीस फूट खोल खड्डा. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली सुटलेलं पोट. आत पाचट आणि चटया अंथरून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि मग महिनोन्‌महिने तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. हळदीला कीड लागत नसे, उलट तिचा रंग चढत असे. ती भरणं आणि वेळ आली की पेव उघडणं हे अण्णांचं काम. संध्याकाळी ते पाय धुवायचे तेव्हा मोरीतून पिवळं पाणी वाहायचं आणि आई रोज न चुकता म्हणायची, "आवं, जरा भायेर धुवा की! मोरी हाय का हळदीकुंकवाचं ताट?" अण्णा हसायचे आणि तिथंच धुवायचे.

आमच्या गल्लीच्या मागे हळद घोळायचं मोठं लोखंडी पिंप होतं. सकाळी सातला ते फिरायला लागे आणि त्याचा तो खडखडाट थेट माझ्या अभ्यासात येऊन बसे. पाहुणे कानावर हात ठेवत, आम्हाला तो थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. आई त्या आवाजावर मात करत भाकऱ्या थापायची. तिचा हात एवढा सफाईचा की दोन भाकऱ्यांच्या मधल्या वेळात ती मिरच्या भाजून, लसूण सोलून, पाट्यावर खर्डा वाटून मोकळी. पेव उघडायचं असलं की अण्णांचा डबा मी न्यायची. ज्वारीची भाकरी, किटलीत पावट्याची आमटी, फडक्यात खर्डा आणि एक अख्खा कांदा. पेवाचं तोंड सकाळीच उघडलेलं असायचं आणि अण्णा कडेला पोतं टाकून बसलेले. आत कुणी उतरायचं नाही. बंद पेवात जी हवा कोंडते तिच्यात माणूस गुदमरून मरतो, हे हरिपुरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर काम बंद, तेवत राहिला तर माणसं उतरणार. "आधी त्याला श्वास टाकू दे," असं अण्णा म्हणायचे. मी शेजारी पाय हलवत बसे. मला वाटायचं, आज अण्णांना सुट्टीच आहे. नुसतं बसायचं तर काम.

ही सवय आमच्या घरातही भिनली होती. आई धान्याची कणगी उघडायची तर आधी झाकण सरकवून दोन पावलं मागे व्हायची. ट्रंक उघडली तर सकाळी उघडून दुपारी हात घालायचा. मामाच्या घरून आलेला बंद डबासुद्धा थोडा वेळ उघडा ठेवल्याशिवाय आम्ही त्यातला लाडू खाल्ला नाही. बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटे. आम्हाला ते इतकं साहजिक होतं की कुणी कुणाला मुद्दाम शिकवलं नाही. जे मुद्दाम शिकवलेलं नसतं ते अर्धवटच शिकलं जातं, हे मला पुढे कळायचं होतं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायला सांगलीच्या कॉलेजात गेले. हरिपुरातून सायकलनं वीस मिनिटं. आमच्या घरात इतकं शिकलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल अण्णांना अभिमान होता आणि आईला काळजी. आईनं आष्ट्याचं एक स्थळ मनात धरून ठेवलं होतं, ऊसवाली मंडळी, मुलगा फौजेत. ती उघड काही म्हणत नसे, फक्त माझ्या परीक्षा जवळ आल्या की आष्ट्याच्या पाहुण्यांची ख्यालीखुशाली विचारायची. मी एकदा जरी नापास झाले असते तरी त्या घरात कणीक मळत बसले असते. तो फौजी मुलगा पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला, फार भला माणूस आहे, भेटला की मला अजून "मॅडम" म्हणतो. तरी तेव्हा त्याचं नुसतं नाव निघालं की मी पुस्तक उघडून बसायची.

आमचे विभागप्रमुख देशमाने सर. उंच, किडकिडीत, बोलायला तुटक. वर्गात ते प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहत, मग पाच मिनिटं का जाईनात. प्रयोगशाळा मात्र खऱ्या अर्थानं शंकरमामांची होती. मामा तिथले सेवक, तीस वर्षांची नोकरी, निवृत्ती जवळ आलेली. कोणती बाटली कुठल्या फळीवर हे ते डोळे मिटून सांगत. त्यांच्या टेबलाच्या खणात एक डबा असायचा, त्यावर कवटीचं चित्र आणि "विष" असं लाल अक्षरात लिहिलेलं, आणि आत भडंग. लसूण, शेंगदाणे घातलेलं, झणझणीत. मुलांनी हात लावू नये म्हणून ही युक्ती. मला मात्र मूठभर मिळायचं. "खा, पोरी. सायकल मारून आलीस." पुढे माझ्या प्रयोगशाळेत कुणी असा डबा ठेवला असता तर मी त्याला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं असतं. पण ते भडंग मी आयुष्यभर विसरले नाही. तीस वर्षं आम्लांच्या आणि क्लोरीनच्या वाफा खाऊन मामांची छाती कामातून गेली होती. सकाळी खोकायला लागले की भिंतीला धरून उभे राहत. म्हणून तिसऱ्या वर्षाला आल्यावर मी अर्धा तास लवकर जाऊन त्यांची द्रावणं बनवून द्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, मला आवडायचं.

ब्रोमीन मी पहिल्यांदा हातात घेतलं ते असंच. साधारण तापमानाला द्रवरूप असणारा एकमेव अधातू, हे वाक्य मी पुढे लोणंदला आणि मग साताऱ्यात एवढ्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याची गणती नाही. मुलं ते पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि विसरत. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यातून ते काढतात, आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी दुर्गंध, हेही मी सांगे. आता तर शाळा-कॉलेजांतून ते कपाटात ठेवतही नाहीत. मुलं मोबाईलवर बघतात, लाल धूर निघाला की "भारी!" म्हणतात आणि पुढे सरकतात. पण वाक्य आणि वस्तू यांच्यात फार अंतर असतं. मामांनी मला बाटली दिली तेव्हा ती माझ्या हातातून सटकायचीच बाकी राहिली. जाड काचेची, तांब्याएवढी, आत जेमतेम चार बोटं द्रव, आणि वजन मात्र वरवंट्यासारखं. पाण्याच्या तिप्पट जड असतं ते. रंग इतका गडद तांबडा की काळाच म्हणावा, आणि त्या द्रवाच्या वर, बुचापर्यंत, तांबूस वाफ नुसती थांबून राहिलेली. बंद भांडं आणि वर कोंडलेली हवा. मला ते बघून काय आठवलं हे वेगळं सांगायला नको.

एका शनिवारी सर जाता जाता म्हणाले, "सुमन, सोमवारी ब्रोमीन वॉटर लागेल. बाटली कपाटातून काढून फ्यूम चेंबरमध्ये ठेव. सोमवारी मी आल्यावर बघू." फ्यूम चेंबर म्हणजे काचेचं दार आणि वर पंखा असलेलं मोठं कपाट, त्यात विषारी वायूंची कामं करतात. आमचा पंखा दोन वर्षं बंद होता आणि दार खाली चार बोटं उघडंच राहायचं. मी बाटली आत ठेवली. मग माझ्या मनात आलं, सोमवारी ही उघडणार कोण? मामाच. सर यायच्या आधी सगळं मांडून ठेवायची त्यांची सवय. बूच काढलं की ही सगळी कोंडलेली वाफ त्यांच्या तोंडावर येणार आणि त्यांचा खोकला आधीच असा. त्यापेक्षा आताच उघडून ठेवावी. शनिवार दुपार, रविवार अख्खा, सोमवारपर्यंत जी काय वाईट हवा आहे ती निघून जाईल आणि मामांना सोपं जाईल. मी नाकावर ओढणी घेतली, रुमालात बूच धरून फिरवलं, काढलं, त्याच रुमालावर उलटं ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी काढत बाहेर पळाले. मामा पलीकडे खिडक्या लावत होते. त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि आम्ही दोघं आपापल्या सायकलींवर बसून घरी गेलो. मी त्या दिवशी खुशीत होते. रविवारी आईनं वांग्याचं भरीत केलं होतं आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सोमवारी मी पोचले तेव्हा मामा दार उघडून उंबऱ्यातच उभे होते. आतून येणारा वास मी शब्दांत सांगू शकत नाही. घशात कुणी गंजलेला खिळा घासतंय असं वाटायचं. खिडकीतून आलेल्या उन्हात जमिनीलगत तांबूस थर दिसत होता, पाणी साचावं तसा. मी आत जायला निघाले तर मामांनी माझ्या दंडाला धरून मागे ओढलं. "हितंच थांब! आत पाय टाकलास तर बघ!" त्यांनी पंचा ओला करून तोंडाला गुंडाळला, आत शिरले, एकेक करत चार खिडक्या उघडल्या, फ्यूम चेंबरशी गेले आणि बूच लावून बाहेर आले. मग भिंत धरून खोकत राहिले. किती वेळ खोकत होते! मी पाणी आणलं तर त्यांना ग्लास धरवेना. बाटलीतलं निम्मं ब्रोमीन उडून गेलं होतं.

हवा निवळल्यावर आम्ही आत गेलो. लोखंडी स्टँड लालभडक गंजलेले. रबरी नळ्या हात लावला की तुटत होत्या. निळा लिटमस पांढरा फटक. आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं राहिलेलं, तिथं तराजू. पितळेची वजनं मखमली पेटीत ठेवलेली असायची, चिमट्यानं उचलायची, बोट लावायचं नाही असा त्यांचा आब. ती सगळी हिरवीकाळी पडली होती. सरांनी वर्षानुवर्षं अर्ज करून मिळवलेला नवा तराजू, त्याच्या दांडीवरही डाग. सर आले. त्यांनी सगळं बघितलं, हायपोचं द्रावण करायला सांगितलं आणि आम्ही त्यानं टेबलं पुसून काढली. हायपो ब्रोमीनला निष्प्रभ करतं. मग त्यांनी विचारलं, "बूच कुणी काढलं होतं?"

मी तोंड उघडणार तोच मामा म्हणाले, "माझंच चुकलं, सर. शनवारी बूच नीट बसलं नसंल. कुलूप घालताना मी बघितलं न्हाई."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सर गेल्यावर त्यांनी खिशातून माझा रुमाल काढला आणि माझ्या हातात कोंबला. आमच्या घरातला, वर्षानुवर्षं हळदीनं पिवळा झालेला, आईनं कितीही घासला तरी न निघालेला. त्यावर बुचाच्या आकाराचा पांढरा डाग पडला होता आणि तिथं कापड बोट लावलं की विरत होतं. सर यायच्या आधी मामांनी तो उचलला होता. "असा पिवळा रुमाल अख्ख्या कॉलेजात एकीकडंच हाय," ते खोकत म्हणाले. "जा घरी. आन् त्वांड उघडू नगंस. परीक्षा तीन आठवड्यावर आलीया." दुपारपर्यंत बातमी आली की प्राचार्यांनी मामांकडून लेखी खुलासा मागितला आहे आणि तो पटला नाही तर निलंबन. मला कुणी काही विचारलं नाही. मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर त्या दुपारी माझ्या मनात मामांचा विचार कमी आणि आष्ट्याचा जास्त होता. मी बोलले तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष जाईल, आणि एकदा वर्ष गेलं की माझं रसायनशास्त्र संपलं. ही गोष्ट लिहिताना आजही मान खाली जाते.

संध्याकाळी ताटावर बसले आणि भाकरी नुसती कुस्करत राहिले. आईनं विचारलं, मी रडायलाच लागले. मग सगळं सांगितलं. मला वाटलं अण्णा बाटली उघडल्याबद्दल रागावतील. ते भाकरी हातात धरून ऐकत राहिले. मी सांगितलं की मामांच्या छातीला त्रास नको म्हणून उघडली, तेव्हा त्यांनी मान हलवली, म्हणजे ते त्यांना पटलं होतं. मग म्हणाले, "उघडलीस, बरं. मग तू कुटं व्हतीस?"

"घरी आले."

"घरी?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी दोनतीनदाच ऐकला असेल. "त्वांड उघडं टाकून घरी आलीस? सुमे, मी पेवाच्या कडंला दिसभर बसतो, ती काय हवा खायाला बसतो व्हय? कुणाचं प्वार पडंल, शेरडू पडंल, एकादा शाणा घाई करून आत उतरंल. ज्यानं त्वांड उघडलं त्यानं जागा सोडायची न्हाई. शेवटचा गडी वर येईस्तवर न्हाई. एवढी वर्सं डबा घिऊन आलीस आन् निम्मीच रीत शिकलीस?"

आई म्हणाली, "आवं, जेवू द्या की तिला."

"जेवू दे. आन् सकाळी तिनं त्यांच्या म्होरं जाऊन सांगायचं. तिच्या जागी दुसरा मानूस त्वांडाशी बसलाय गं, आपल्याला कसं गिळतंय?"

मंगळवारी अण्णा माझ्याबरोबर आले. कॉलेजच्या फाटकाच्या आत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. धुवट सदरा घातला होता, पण हाताच्या रेघांतली हळद कशी जाणार? त्यांनी सरांच्या खोलीत खुर्चीवर बसायला नकार दिला आणि दाराशी उभे राहिले. मी बोलले. एका दमात, कुठेही न थांबता, मामांचं खोटं आणि माझा रुमाल, सगळं. सर खिडकीबाहेर बघत होते, वर्गात उत्तराची वाट बघतात तसे. मग म्हणाले, "उघडी का ठेवलीस?" मी पेवांचं सांगितलं. त्यांनी वळून अण्णांकडे बघितलं आणि विचारायला लागले. हवा किती वेळात निघते? कंदील कुठवर सोडता? पावसाळ्यात जास्त वेळ लागतो का? अण्णा सांगत होते आणि सर चक्क वहीत लिहून घेत होते. आमच्या सरांना मी कुणाचं ऐकताना असं पहिल्यांदा बघितलं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"पेवातली हवा दिवसभरात संपते. ही दोन दिवसांत का संपली नाही?"

मी आधी दाराशी उभ्या अण्णांकडे बघितलं. पण सर थांबून राहिले. मग मला तो गडद द्रव दिसला, बाटलीच्या तळाशी. "खाली ब्रोमीन आहे, सर. वरची वाफ गेली की ते नवीन तयार करतं. बूच लावेपर्यंत, नाहीतर सगळं संपेपर्यंत."

"हे शनिवारी सुचलं असतं तर?" ते म्हणाले. "परीक्षेआधी एक काम कर. त्या वजनांना पॉलिश लावायचं नाही, घासली की वजन आणखी घटेल. माझ्या कपाटात एक पेटी शाबूत आहे. प्रत्येक वजन तिच्यातल्या वजनाशी तोलायचं आणि किती कमीजास्त आहे त्याचा तक्ता करायचा. तो पूर्ण झाला तर परीक्षेला बस." अण्णांना ते म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन जा." अण्णांनी मान डोलावली आणि चहा न घेताच गेले, कारण हरिपुरात लिमयांच्या वखारीत पेव उघडून बसायचं होतं.

मामा माझ्यावर भयंकर चिडले. "तुला कुणी सांगितलं व्हतं शाणपणा कराय? माजं आठ म्हयनं राहिल्यात, तुजं अक्कं आयुष्य हाय!" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, विषाच्या डब्यातलं भडंगही दिलं नाही. मी तराजूच्या खोलीत बसून एकेक वजन चिमट्यानं उचलायची. श्वास हळू सोडायचा, नाहीतर काटा हलतो. बाहेर मुलं क्रिकेट खेळत, मी आकडे लिहीत बसे. तिसऱ्या दिवशी मामा आत आले, माझ्यासमोर मूठभर भडंग कागदावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. "माझं निलंबन टळलं," ते म्हणाले. मी विचारलं, खुलासा पटला का? "माझा खुलासा पुढं गेलाच न्हाई. सरांनी सवता लिवलं. पाकीट मलाच द्यायला दिलं, चिकटवलं नव्हतं, मी वाचलं." मग त्यांनी मला सांगितलं त्यात काय होतं. बाटली विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून बाहेर काढली होती. पंखा दोन वर्षं बंद आहे आणि दार लागत नाही, हे विभागप्रमुखांना माहीत होतं आणि तरी त्यांनी तिथं ब्रोमीन ठेवायला सांगितलं. सेवकाचा आणि विद्यार्थिनीचा यात दोष नाही, जबाबदारी माझी. खाली सही.

"पण उघडी ठेवा असं सरांनी सांगितलंच नव्हतं," मी म्हटलं.

"त्यांनी तसं लिवलंय कुटं? नीट ऐक. जेवढं खरं हाय तेवढंच लिवलंय. तुजं फकस्त वगळलंय." आणि मामा मोठ्यांदा हसले, हसता हसता खोकले.

त्या वर्षी देशमाने सर उपप्राचार्य होणार हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. ते झाले नाहीत. त्यांच्या मागून आलेले दुसरे कुणी झाले. सरांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही आणि माझं धाडस कधी झालं नाही. मी तक्ता पूर्ण केला, परीक्षेला बसले, पास झाले. मामा आठ महिन्यांनी हार घालून, टॉवेल-टोपी घेऊन सन्मानानं घरी गेले आणि पुढे बरीच वर्षं नातवंडांना घेऊन गणपतीच्या देवळात दिसत. मी नोकरीला लागले, लोणंद, मग सातारा, तिथंच संसार झाला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज कुठे कुठे आहेत. त्यातल्या प्रत्येकीला मी पेवांची गोष्ट सांगितली आहे, आणि प्रत्येकीला पहिल्या तासाला हेच बजावलं आहे की जी बाटली उघडशील तिच्यापाशी उभी राहा. मात्र सरांच्या पत्राची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ती सांगायची म्हणजे आधी त्या सोमवारचं माझं गप्प बसणं सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा सगळ्यात आधी सांगली गाठली. सर पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या सूनबाईंनी दारातच सांगितलं, "बाबांना आता फारसं आठवत नाही, वाईट वाटून घेऊ नका." सर खिडकीपाशी बसले होते, तसेच किडकिडीत. मी नाव सांगितलं. त्यांनी नम्रपणे मान हलवली, अनोळखी माणसाला हलवतात तशी. मी म्हटलं, सर, ब्रोमीन. त्यांचे डोळे चमकले. "घनता?" त्यांनी विचारलं. "तीन पूर्णांक एक, सर." "बरोबर. आणि वाफ?" "हवेच्या पाचपटीहून जड." "बरोबर." रसायनशास्त्र सगळं जागेवर होतं, आम्ही मात्र कुणी उरलो नव्हतो. मी एवढी वर्षं मनात जुळवून ठेवलेली आभाराची वाक्यं तशीच राहिली. ज्यांनी केलं त्यांनाच माहीत नाही, तर आभार कुणाचे मानायचे? मग मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना ती गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, जणू दुसऱ्याच कुणाच्या कॉलेजातली आहे. एका मुलीनं बाटली उघडी टाकली. एका म्हाताऱ्या सेवकानं ते आपल्यावर घेतलं. तिचं परीक्षेचं वर्ष आणि त्याची तीस वर्षांची नोकरी, दोन्हीपैकी एक जाणार होतं.

सर पुढे वाकून ऐकत होते. मी पाणी प्यायला थांबले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. चेहरा खरोखर काळजीत पडला होता. "मग त्या सेवकाचं काय झालं? बिचाऱ्याला काढलं का हो?"

"नाही सर. त्यांच्या विभागप्रमुखांनी सगळं स्वतःवर घेतलं. स्वतःचं उपप्राचार्यपद गेलं त्यांचं, पण त्यांनी त्या दोघांना वाचवलं. ती मुलगी पुढे शिकली, शिक्षिका झाली. माणसं वाचली, सर, सगळी."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्चीला टेकून बसले. "बरं केलं त्यांनी," ते म्हणाले.

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "हो सर," मी म्हटलं, "फार बरं केलं."